अंगाला लागलेला चेंडू आणि पंचाचा विवेक

वसतिगृहाच्या मैदानावर आम्ही क्रिकेट शिकलो, तेव्हा एक नियम सर्वांत उशिरा उमगला. चेंडू पॅडला लागून कितीही दूर गेला, तरी फलंदाजाने फटका मारण्याचा किंवा चेंडू चुकविण्याचा प्रयत्न केलेला नसेल, तर लेग बायची धाव मिळत नाही. नुसते अंग आड घालून लाभ घेता येत नाही, हे त्यामागील तत्त्व. पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो, मुलगा लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळू लागला आणि हेच तत्त्व अधिक अवघड रूपात समोर आले.

बेसबॉलमध्ये पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागला, तर खेळ तेथेच थांबतो आणि फलंदाजाला पहिला बेस बहाल होतो. मात्र चेंडू स्ट्राइक झोनमध्ये असताना अंगाला लागला, तर तो स्ट्राइकच धरतात. झोनबाहेरचा चेंडू चुकविण्याचा काहीच प्रयत्न फलंदाजाने केला नाही, तर तो केवळ ‘बॉल’ मोजला जातो. बेस मिळत नाही. चेंडू कोठे होता हे डोळ्यांना दिसते; प्रयत्न झाला की नाही, हे मात्र पंचाला क्षणात ताडावे लागते.

हा निर्णय मोठ्यांच्या खेळातही किती नाजूक असतो, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ३१ मे १९६८ रोजी लॉस एंजेलिस येथे डॉन ड्रायस्डेल सलग पाचव्या सामन्यात एकही धाव न देण्याच्या उंबरठ्यावर होता. नवव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना त्याचा चेंडू डिक डिएट्झच्या अंगाला लागला. धाव जाणारच होती. पण डिएट्झने चेंडू चुकविलाच नाही, असा निर्णय पंच हॅरी वेंडलस्टेड यांनी दिला आणि ड्रायस्डेलची मालिका अखंड राहिली. याउलट २०१५ च्या जून महिन्यात मॅक्स शर्झरने सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसाव्या, होजे तबाता याच्या कोपराला चेंडू लागला. त्याने कोपर मुद्दाम खाली आणले, असे अनेकांचे मत होते. तरी पंचाने बेस दिला आणि ‘परफेक्ट गेम’ हुकला. दोन्ही निर्णयांवर आजही वाद होतो.

मोठ्यांच्या खेळात विक्रम हुकतो. लहानांच्या खेळात मूल खेळापासून दुरावू शकते. एका सायंकाळच्या सामन्यात दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीला चेंडू लागला. त्याने हनुवटी छातीशी घेतली होती, पाठ वळविली होती. पाय मात्र हलले नव्हते. “प्रयत्न केला नाही” असे म्हणून पंचाने त्याला तेथेच उभे ठेवले. मुलाने हेल्मेटखालून डोळे पुसले. पुढचा चेंडू अगदी मधोमध आला, तेव्हा तो दोन पावले मागे पळाला आणि स्ट्राइकवर बाद झाला.

माझे मत स्पष्ट आहे. त्या पंचाने नियमाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले नाही. लिटल लीगच्या लहान मैदानावर पिचर आणि होम प्लेट यांत ४६ फुटांचे अंतर असते. ताशी ९६ किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि शरीर हलवायचे! शिवाय चेहरा व छाती वाचवून पाठीवर चेंडू घ्यावा, असेच प्रशिक्षक मुलांना शिकवितात. तेव्हा पाठ वळविणे हाच चुकविण्याचा प्रयत्न असतो. जे मूल भीतीने जागीच थिजते, त्यालाही संशयाचा फायदा मिळाला पाहिजे. भीती म्हणजे लबाडी नव्हे.

यावर आक्षेप येतो की, अशा सवलतीने मुले अंगावर चेंडू घेऊन बेस मिळवू लागतील. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच कोपर किंवा गुडघा चेंडूच्या वाटेत सरकविणाऱ्याला पंचाने नि:शंकपणे बेस नाकारावा, मग कुंपणापलीकडून पालक कितीही ओरडोत. तो निर्णय त्या मुलाच्या हिताचाच आहे. अंग पुढे करण्याची सवय एक दिवस जिवावर बेतू शकते. १९२० मध्ये रे चॅपमन हा व्यावसायिक खेळाडू डोक्याला चेंडू लागून मरण पावला, हे विसरता येत नाही. थिजणे आणि पुढे सरकणे यांतील फरक ओळखणारी नजर हीच पंचाची खरी पात्रता. आणि कोणताही हात वर करण्यापूर्वी त्याने मुलाजवळ जाऊन “बरा आहेस ना?” असे विचारावे.

महाराष्ट्रातही आंतरशालेय स्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल खेळले जातात. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी होम प्लेटमागे उभा राहील. समोरचे मूल घरापासून दूर, वसतिगृहात राहणारे असेल. त्याला लागल्यावर धावत येणारी आई कुंपणाशी नसेल. त्या क्षणी त्याच्याजवळ असलेला एकमेव मोठा माणूस आपणच आहोत, हे पंचाने ध्यानात ठेवावे.