यादी 'श'पाशीच का संपली?

विषय कॉम्प्युटरचा आहे म्हणून नातेवाईक मंडळींनी लगेच पान बंद करू नये. विषय खरं तर माणसांचाच आहे, आणि थोडी माझी कबुलीही आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. १९८१ ते १९९५ या पंधरा वर्षांत दहावीला बसलेली सगळी मुलं बोलवायची, पास-नापास बघायचं नाही, असं ठरलं होतं. जुन्या रजिस्टरांवरून नावं उतरवून घेतली. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ती सगळी डेटाबेसमध्ये भरली. एकूण नावं ११४३. मग त्याने क्वेरी चालवली. क्वेरी म्हणजे साठवलेल्या माहितीला विचारलेला प्रश्न: 'या वर्षांतली मुलं आडनावाच्या क्रमाने दे.' पडद्यावर सुंदर तक्ता आला. त्याने एक्सपोर्टचं बटण दाबलं, फाईल मला मेल केली, मी प्रिंट काढली आणि आम्ही तिघा निवृत्त शिक्षकांनी पानं वाटून घेऊन फोन करायला सुरुवात केली. फोन झाला की नावापुढे बरोबरची खूण. शेवटच्या पानावरच्या शेवटच्या नावापुढे मी स्वतः खूण केली आणि समाधानाने चहा घेतला.

मेळावा झकास झाला. पुढच्या आठवड्यात बाजारात एकजण भेटला. त्याचं आडनाव 'स'पासून सुरू होतं, एवढंच सांगतो. पाया पडला आणि म्हणाला, "सर, दहावी नापासवाल्यांना बोलवायचं नव्हतं का?"

मला काही कळेना. घरी येऊन यादी काढली. त्याचं नाव नव्हतं. 'स'चं कुणाचंच नव्हतं! सावंत नाहीत, साळवे नाहीत, सुतार नाहीत. हिरवे नाहीत. यादी शिंद्यांच्या मध्यावर संपली होती. एका घरातल्या दोघा भावांपैकी थोरल्याला आमंत्रण आणि धाकट्याला नाही, असाही प्रकार झाला होता. ओळी मोजल्या. बरोबर १०००.

कारण अगदी साधं निघालं. असे प्रोग्रॅम पडद्यावर निकाल दाखवताना पुष्कळदा पहिल्या हजारच ओळी दाखवतात. कुणी चुकून लाखो ओळी मागितल्या तर मशीन गुदमरू नये म्हणून केलेली ती सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण पडद्यावरचाच तक्ता एक्सपोर्ट केला की फाईलमध्येही तेवढ्याच ओळी जातात. उरलेली १४३ माणसं डेटाबेसमध्ये सुखरूप होती. फक्त माझ्या हातात आली नव्हती.

तो मुलगा (मुलगा कसला, पन्नाशीचा आहे) फार खजील झाला. मी म्हटलं, बाबा रे, मोजायचं काम माझं होतं. पस्तीस वर्षं रोज हजेरी घेतली, पटावर किती, हजर किती, हे लिहिल्याशिवाय कॅटलॉग कधी मिटला नाही. आणि या यादीखाली मी बेरीज मागितलीच नाही. छापील कागद बघितला की तो पूर्णच असणार असं वाटतं, ही आमच्या पिढीची खोड.

आता माझं मत सांगतो. दाखवणं आणि देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दाखवणं म्हणजे फळ्यावर लिहिणं. जागा पुरेल तेवढं लिहावं, बाकी पुसून पुढे जावं. देणं म्हणजे दाखला देणं. शाळा सोडल्याचा दाखला रजिस्टरवरून लिहिताना जन्मतारीख आकड्यात लिहायची आणि खाली अक्षरीही लिहायची, ही पद्धत काय उगाच पडली? कागद एकदा शाळेबाहेर गेला की त्याच्याबरोबर समजावून सांगायला कुणी जाणार नसतं, म्हणून. एक्सपोर्ट केलेल्या फाईलचं तसंच आहे.

तारखेवरून आठवलं. आमच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख असलेली मुलं किती, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. पालकांना तारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे! यादीत ती ०१/०६/१९६५ अशी होती. एका कॉम्प्युटरवर अमेरिकन पद्धत, म्हणजे महिना आधी, अशी मांडणी होती. तिथे ही सगळी मुलं ६ जानेवारीची झाली. १५/०६ वाल्यांना मात्र काही झालं नाही, कारण पंधरावा महिना नसतोच. म्हणजे अर्धी यादी बरोबर, अर्धी चूक, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. फाईल देताना तारीख १९६५-०६-०१ अशी, वर्ष आधी लिहून दिली तर हा घोळ टळतो. फोनच्या सुरुवातीचं शून्य उडतं, सोळा आकडी खातेक्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, तेही याच जातीचं. स्प्रेडशीट त्यांना संख्या समजते आणि संख्येचे पहिले पंधराच आकडे नीट धरते. तो रकाना मजकूर म्हणून उघडावा लागतो.

एकदा तर सगळी मराठी नावं परकीय चिन्हांची रांगोळी होऊन आली. फाईल यूटीएफ-८ मध्ये होती आणि उघडणाऱ्याने ती वेगळ्या पद्धतीने वाचली. पण त्या चुकीचा मला राग नाही. ती ओरडून सांगते की मी चूक आहे. हजारावर गुपचूप थांबलेली यादी काहीच बोलत नाही.

हे आमच्यासारख्या खेड्यातल्या मास्तरांचंच होतं असं नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल साध्या सीएसव्ही फाईलमधून येत आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतले जात. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात दहा लाखांहून जास्त मावतात, पण वापरात होता जुना. जास्तीच्या ओळी गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. आमचं काय, १४३ माणसं रुसली, एवढंच.

अर्थात रुसली म्हणजे साधं नाही. 'आपल्याला मुद्दाम वगळलं' असं दोन घरांत बोललं गेलं. गावात अशा गोष्टीला कारण शोधावं लागत नाही, ते तयारच असतं. तिथे जाऊन 'प्रोग्रॅमची हजार ओळींची मर्यादा' सांगताना माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक.

माझ्या पुतण्याचं म्हणणं, यादीच्या शेवटी 'एकूण ११४३' अशी ओळ टाकून द्या, झालं. सोपं वाटतं, पण सीएसव्हीमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. पुढचा प्रोग्रॅम 'एकूण' नावाच्या गृहस्थांनाही आमंत्रण पाठवायचा! म्हणून मी आता आकडा फाईलच्या नावातच लिहून मागतो. कोणती क्वेरी चालवली तेही सोबतच्या मेलमध्ये. वाचायला पीडीएफ खुशाल द्या, छान दिसतं. पण ज्यावरून पुढे काम करायचं आहे ती फाईल साधी आणि मोजलेली हवी. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही अर्धीच यादी बाहेर पडत असेल तर बटण दाबताना स्पष्ट विचारावं, '११४३ पैकी १००० देतो आहे, चालेल?' कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको.

नवी फाईल आली, नावात ११४३ आहे. तरी मी मोजली. १४३ जणांपैकी बहुतेकांना फोन करून झाले, काहींकडे जाऊन आलो. बाजारात भेटला होता त्याच्याकडे सगळ्यात आधी गेलो. यादी दाखवली, शिंद्यांपाशी तुटलेली. त्याने ती दोनदा खालपर्यंत वाचली आणि आतल्या खोलीकडे बघून बायकोला म्हणाला, "अगं, 'ह'वालेपण राहिलेत." मग चहा आला.