धिंगरी : काडावरची सकस भाजी

भगिनींनो, मळणी आटोपली की खळ्यावर काडाचा ढीग उरतो. थोडे जनावरांना जाते, उरलेले बरेच ठिकाणी पेटवून देतात. गव्हाचे काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचा पाला, या सगळ्यांवर धिंगरी अळिंबी उत्तम येते. काड आपल्या पोटाला पचत नाही, धिंगरीला पचते. आणि धिंगरी आपल्याला पचते. एक किलो कोरड्या काडावर साधारण अर्धा किलो ताजी धिंगरी निघते.

आता तिच्यातल्या सत्त्वाचे पाहू. "धिंगरीत शेकडा २५ प्रथिने," असे विकणारे सांगतात. ते खोटे नाही, पण तो हिशेब सुक्या धिंगरीचा आहे. ताज्या धिंगरीत दहा भागांत नऊ भाग पाणीच असते. त्यामुळे १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत प्रथिने सुमारे ३ ग्रॅम. पाव किलोच्या भाजीत जेवढी प्रथिने, तेवढी मूठभर तूरडाळीत मिळतात. म्हणून धिंगरी आली म्हणून मुलांच्या ताटातली डाळ किंवा दूध कमी करू नका.

मग ती खायची कशासाठी? वांगी, दुधीपेक्षा तिच्यात प्रथिने जास्त. ज्वारी-बाजरीत जे लायसिन कमी पडते, ते तिच्यात असते. म्हणून भाकरीशी तिची जोडी चांगली जमते. शिवाय ब गटातील जीवनसत्त्वे, पोटॅशियम आणि चोथा मिळतो. स्निग्धांश अगदी कमी. कापून तासभर उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्वही तयार होते.

जास्त निघाली तर कडक उन्हात वाळवा. दहा किलोची सुमारे एक किलो होते. तिची पूड करून हवाबंद डब्यात ठेवा आणि आमटीत, पिठल्यात चमचा-चमचा घाला.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. धिंगरी कच्ची खाऊ नका, नीट शिजवा. काड औषधाच्या पाण्याऐवजी गरम पाण्यात निर्जंतुक करा. औषध वापरले असेल तर उरलेले काड जनावरांना न घालता खतात टाका. आणि रानात उगवलेली अनोळखी छत्री धिंगरीसारखी दिसली तरी घरात आणू नका. ती जिवावर बेतू शकते.

धिंगरी हे काही रोगावरचे औषध नव्हे. पण जे काड आपण जाळतो, त्यातून घरच्यांच्या ताटात एक सकस भाजी येत असेल, तर यंदा दोन पिशव्या भरून पाहायला काय हरकत आहे?