टर्बोला पाणी पाजा, पण आधी पाणी कुठलं ते बघा

तर झालं असं, की गेल्या रविवारी आम्ही दोघं कल्याणला दुर्गाडीच्या खाली टी-८० बघायला गेलो होतो. नौदलातून निवृत्त झालेली बोट, इस्रायली सुपर द्वोरा मार्क २ जातीची, १९९८ साली सेवेत आलेली. ऐन भरात असताना ४० नॉटच्या आसपास पळायची. म्हणजे ताशी ७४ किलोमीटर, आणि तेही पाण्यावर. घोडबंदर रोडला रविवारी पहाटेसुद्धा मला हा स्पीड मिळत नाही.

बरोबरचा मित्र (नाव सांगत नाही, तो हे वाचतो) गाड्यांचा किडा आहे. नुकतीच एक लिटरची टर्बो पेट्रोल घेतलीय, त्यामुळे सध्या जगातल्या प्रत्येक इंजिनावर मत आहे. परतताना म्हणाला, "बोटवाले येडे असतात रे. टर्बोचं आख्खं हाउसिंग पाण्यात बुडवून ठेवतात. एक्झॉस्टमधली उष्णता म्हणजेच पॉवर, ती हे पाण्यात घालवतात. ड्राय टर्बो लावायचा, वरून ब्लँकेट गुंडाळायचं, दोन-तीन नॉट फुकट!"

हे मत त्याच्या एकट्याचं असतं तर मी वडापाव खाऊन गप्प बसलो असतो. पण ऑफिसच्या कँटीनमध्येही मी हे ऐकलंय. आणि उद्या आपल्या खाडीत प्रवासी बोटी सुरू झाल्या, तर त्यांच्या जाहिरातीत पहिला आकडा स्पीडचाच असणार. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोंधळ मिटवू. 'वॉटर कूल्ड टर्बो' हे शब्द गाडीवाले आणि बोटवाले दोघं वापरतात, पण अर्थ पार वेगळे आहेत. गाडीत पाणी फिरतं ते टर्बोच्या मधल्या भागात, जिथे शाफ्टची बेअरिंग असतात तिथे. कारण काय, तर इंजिन बंद केल्यावर गरम टर्बाइनकडून उष्णता आत शिरते आणि बेअरिंगमधलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. बाकी टर्बाइनचं हाउसिंग उघडंच. पेट्रोल गाडीत तिथून ९०० अंशांच्या घरातला वायू जातो, जोर लावला तर लोखंड लाल होतं. चालतं, कारण समोरून वारा येतो आणि खाली रस्ता असतो.

बोटीत इंजिन कुठे असतं? फायबरच्या डेकखाली, एका बंद खोक्यात. वारा नाही. इंजिनाला लागणारी हवा येते तेवढीच. त्याच खोक्यात डिझेलचे पाईप, ऑईलचे पाईप, वायरी, बॅटऱ्या. छोट्या बोटीत तर इंजिनावर चढून काम करावं लागतं. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड, तरी पूर्ण लोडला ५००-६०० अंश सहज. आणि डिझेलला पेटायला ठिणगी लागतेच असं नाही. अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या धातूवर बारीक फवारा उडाला तरी पुरतं. मोठ्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सोलास नियमांत म्हणूनच २२० अंशांच्या वर तापणारा आणि गळतीचं तेल पोचू शकेल असा प्रत्येक पृष्ठभाग झाकायला सांगितलाय.

म्हणून बोटीच्या टर्बोच्या हाउसिंगला बाहेरून पाण्याचं जॅकेट. आत वायू तसाच तापलेला, बाहेरचा धातू मात्र कूलंटच्या तापमानाला, साधारण ८०-९० अंश. हात भाजेल, पण डिझेल पेटणार नाही. बस, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

आता मित्राचं खरं ते खरं म्हणू. जॅकेट उष्णता खातं. टर्बाइनला तेवढी ऊर्जा कमी मिळते, टर्बो थोडा आळशी होतो, आणि ती उष्णता कुलिंगमध्ये आल्यामुळे हीट एक्स्चेंजर मोठा लागतो. मोठ्या जहाजांवर तर बऱ्याच उत्पादकांनी पाण्याची हाउसिंग सोडून कोरडी घेतली. एक तर वायूतली उष्णता पुढे वापरता येते, आणि दुसरं म्हणजे जड तेलातल्या गंधकामुळे थंड भिंतीवर ॲसिड धरून धातू खराब व्हायचा ते वाचतं. पण त्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये माणूस उभा राहून चालतो, आगीचे सेन्सर असतात, आग विझवायला कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची रांग असते, आणि घड्याळ लावून पाळी करणारे इंजिनिअर असतात. आपल्या बोटीत त्या खोक्यावर बाक असतो आणि बाकावर कोणाची तरी आजी असते.

मग ब्लँकेट? नवीन असताना उत्तम. पण इंजिनातलं ऑईल त्यात मुरलं की तेच ब्लँकेट दिव्याच्या वातीसारखं होतं. आणि सर्व्हिसिंगला काढलेलं ब्लँकेट परत बांधायला अर्धा तास जातो, नटांना हात पोचत नाही, पुढची फेरी तर दहा मिनिटांत. आता बोला! आपल्या धंद्यातला अनुभव आठवा. सेफ्टी जर कॉन्फिगच्या एका फ्लॅगवर असेल, तर रिलीजच्या आदल्या रात्री कोणीतरी तो फ्लॅग बंद करतोच. मी स्वतः केलाय (आणि त्या सोमवारबद्दल मी बोलणार नाही). जॅकेट बंद करता येत नाही, कारण ते हाउसिंगचाच भाग आहे. मला जॅकेट आवडतं त्याचं खरं कारण हेच.

इथपर्यंत मी बोटवाल्यांच्या बाजूने. आता त्यांच्याशीही भांडण आहे.

जॅकेटमध्ये फिरतं ते बहुतेक इंजिनाचं स्वतःचं, बंद चक्रातलं कूलंट. त्याला थंड करतं बाहेरून ओढलेलं खारं पाणी, हीट एक्स्चेंजरमध्ये. तेच पाणी शेवटी एक्झॉस्टच्या पाईपात सोडतात, म्हणून बोटीच्या मागून पाणी थुंकत धूर येतो. थोडक्यात, अख्खा डोलारा एका रबरी इम्पेलरवर आणि एका गाळणीवर. ती गाळणी तुंबली की आधी कूलंट तापतं, मग टर्बोचं जॅकेट, मग सगळंच.

आणि आपली खाडी बघितलीय ना? मुंब्र्याहून लोकल जाताना ओहोटीच्या वेळी खिडकीतून बघा. गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य. वर उल्हास नदीत मोहन्याकडे जलपर्णी माजलेली असते. दोन वर्षांपूर्वी मी एका खाजगी स्पीडबोटीत होतो. छान पळत होतो, अचानक अलार्म, इंजिन बंद. पाणी ओढायच्या तोंडाला पिशवी बसली होती. तांडेल शांतपणे वाकला, हात घालून पिशवी काढली, गाळणी धुतली. वीस मिनिटं आम्ही डुलत होतो. तो म्हणाला, "रोजचंच आहे हो." मला तेच झेपलं नाही. रोजचं असेल, तर डिझाइन चुकलंय.

कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी आणि उल्हास धरून २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ झाला, १४५ किलोमीटरचा. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली ही जेट्टींची नावं पेपरात वाचून वाचून पाठ झालीयत. या पाण्यात २५ नॉटची बोट म्हणजे मोठं इंजिन, मोठा टर्बो, त्याच्या जॅकेटची उष्णता, आणि ती काढायला दर मिनिटाला शेकडो लिटर गढूळ पाणी. जितका स्पीड जास्त, तितकी आपण त्या पिशवीवर जास्त भिस्त ठेवतोय.

दुसरा रस्ता आहे. कील कुलिंग म्हणजे कूलंटचे पाईप बोटीच्या तळाला बाहेरून लावायचे. पाणी ओढायचंच नाही, बोट ज्या पाण्यात तरंगते त्यातच उष्णता सोडायची. गाळणी नाही, इम्पेलर नाही. टर्बोला जॅकेट ठेवा, पण एक्झॉस्ट कोरडा, चिमणीतून वर काढलेला आणि नीट झाकलेला. तोटा असा, की पाईप पाण्यात ओढ धरतात आणि मोठ्या इंजिनाची उष्णता त्यांना झेपत नाही. म्हणजे बोट हळू, १०-१२ नॉटची. टग आणि बार्जवाले हे कित्येक वर्षं वापरतात.

"मग काय बैलगाडी चालवायची का खाडीत?" इति मित्र. अरे, कोची वॉटर मेट्रो बघ की. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, बॅटरीच्या बोटी, स्पीड आठ-दहा नॉट. लोक बसतात. डोंबिवली फास्टला दारात लटकणाऱ्या माणसाला २५ नॉट नको असतात. त्याला बसायला जागा हवी असते, आणि बोट ९:१२ ला म्हणजे ९:१२ ला सुटायला हवी असते.

मित्राला हे सगळं पटलेलं नाही. पण परवा त्याने हळूच विचारलं, घरी पोचल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करावी की थोडी चालू ठेवावी. म्हटलं, दामटून आला असशील तर मिनिटभर राहू दे. मधल्या भागातलं पाणी पुढचं बघेल.