विश्लेषण : शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांतून शेतकरी कसा गळतो? पी. साईनाथ यांची शोधपत्रकारिता काय सांगते?

तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि वर्ध्यासोबत त्यात बुलढाणाही होता. शेतकरी आत्महत्या हा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचवण्यात ज्या मोजक्या पत्रकारांचा वाटा होता, त्यांपैकी एक म्हणजे पी. साईनाथ. आत्महत्येच्या बातमीवर न थांबता ती सरकारी कागदावर कोणत्या रकान्यात नोंदली जाते, याचा त्यांनी माग काढला. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

कोण आहेत साईनाथ?

१९५७ मध्ये मद्रास येथे जन्मलेले साईनाथ माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांचे नातू. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले. १९८० मध्ये ‘यूएनआय’ वृत्तसंस्थेतून सुरुवात करून ते मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात गेले. १९९३ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची अभ्यासवृत्ती मिळाल्यावर त्यांनी देशातील अतिगरीब जिल्ह्यांत फिरून वृत्तांत लिहिले. त्यातूनच १९९६ मध्ये ‘एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्रॉट’ हे पुस्तक आले. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने ते मराठीतही वाचले गेले. २००४ ते २०१४ या काळात ते ‘द हिंदू’चे ग्रामीण घडामोडी संपादक होते. २००७ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आकड्यांतून त्यांनी काय दाखवले?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे १९९५ पासून शेतकरी आत्महत्यांची वेगळी नोंद आहे. तिचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडून साईनाथ यांनी दाखवले, की १९९५ ते २०१० या १६ वर्षांत देशात २,५६,९१३ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ५० हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होत्या. नुसत्या संख्येवरून निष्कर्ष काढू नये, लोकसंख्येशी प्रमाण पाहावे, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. साईनाथ यांनी प्रमाणही मांडले : २०११ मध्ये एक लाख शेतकऱ्यांमागे १६.३ आत्महत्या, तर उर्वरित लोकसंख्येत ११.१.

मग आकडा अचानक निम्मा कसा झाला?

२०१३ मध्ये ११,७७२ असलेला आकडा २०१४ मध्ये ५,६५० वर आला. शेतीत असे काही बदलले नव्हते. बदलली होती वर्गवारी. शेतकरी आणि शेतमजूर असे वेगळे रकाने झाले आणि ६,७१० आत्महत्या मजुरांच्या रकान्यात दिसल्या. काही राज्यांत ‘इतर’ हा रकानाही फुगल्याचे साईनाथ यांनी निदर्शनास आणले. मुळात नोंद होते पोलीस ठाण्यात. सातबारावर नाव नसलेली, पण आयुष्यभर शेतात राबलेली बाई तिथे ‘गृहिणी’ ठरते, बटईदार मजूर ठरतो. मोजणीतली ही गळती त्यांनी वारंवार मांडली.

बुलढाण्यातील कुटुंबाला याने काय फरक पडतो?

महाराष्ट्रात मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे हवे आणि त्याच्या परतफेडीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. पात्र ठरल्यास एक लाख रुपये, म्हणजे ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत, अशी ही मदत. बटईने शेती करणाऱ्याकडे किंवा विनापरवाना सावकाराकडून पैसे उचलणाऱ्याकडे दाखवायला कागदच नसतो. मग प्रकरण ‘अपात्र’ होते आणि घरातल्या विधवेच्या माथी कर्ज तेवढे उरते.

तक्रार करणेही सोपे नसते, हे खामगावच्या प्रकरणात दिसले. २००६ मध्ये तेथील तत्कालीन आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्याने सावकारीची तक्रार केली. गुन्हा नोंदवण्याआधी जिल्हा समितीकडे प्रकरण न्यावे, असा निरोप मुख्यमंत्री कार्यालयातून आल्याची नोंद पोलिसांच्या डायरीत झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. या हस्तक्षेपावर ताशेरे ओढत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा दंड केला. राज्यात सावकारी नियमनाचा नवा कायदा २०१४ मध्ये आला.

माध्यमांकडे त्यांनी बोट का दाखवले?

२००६ मध्ये मुंबईच्या फॅशन वीकसाठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार होते. मंचावर सुती वस्त्रे होती आणि तो कापूस पिकवणारा विदर्भ विमानाने तासाभरावर होता. तिथे मात्र बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते, याकडे साईनाथ यांनी लक्ष वेधले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’ही त्यांनी चव्हाट्यावर आणली. वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारखी छापली गेल्याचे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले.

सध्या काय?

डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे डिजिटल दालन सुरू केले. त्यातील मजकूर मराठीतही वाचता येतो. २०२२ च्या ‘द लास्ट हीरोज’ या पुस्तकात त्यांनी प्रतिसरकारच्या चळवळीतील कॅप्टन भाऊ आणि हौसाबाई पाटील यांच्यासारख्या, इतिहासाच्या नोंदीतून निसटलेल्या स्वातंत्र्यसैनिकांना जागा दिली. शेतकरी असो वा स्वातंत्र्यसैनिक, यादीत कोणाचे नाव घ्यायचे हे कोण ठरवते, हाच त्यांच्या कामाचा धागा आहे. बुलढाण्यात आत्महत्या घटल्याचा आकडा येईल तेव्हाही पहिला प्रश्न तोच विचारावा लागेल : मोजले कोणाला आणि वगळले कोणाला?