मिन्यानला दहा पुरुष हवेत. कमिटीला कोण हवंय?

पोस्ट लांब आहे, पण मशिदीच्या वार्षिक सभेआधी वाचाच. (इतर मित्रांसाठी: आम्ही बेने इस्रायल लोक आमच्या सिनेगॉगला पूर्वापार 'मशीद' म्हणतो.)

दर शनिवारी आपला एकच प्रश्न: दहा झाले का? सात-आठ डोकी जमली की फोनाफोनी सुरू. कुणाला ठाण्याहून बोलवा, कुणाला डोंबिवलीहून. दहावा नाही आला तर कद्दिश नाही. ज्याच्या वडिलांचा स्मृतिदिन आहे, तो तसाच घरी जातो. 2011 च्या जनगणनेत देशभरात ज्यू म्हणून नोंद झाली साडेचार हजारांच्या आसपास माणसांची, त्यातली निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. बाकीचा समाज अश्दोद, लोद, दिमोनाला जाऊन बसलाय. गेलेल्यांना दोष नाही. पोटापाण्यासाठी आणि श्रद्धेपायी गेले.

पण "माणसंच नाहीत हो" हे रडगाणं कमिटीच्या बाबतीत खोटं आहे. माणसं आहेत. आपण त्यांना मोजत नाही, इतकंच. त्यातली निम्मी बायका आहेत.

मशीद चालवणं म्हणजे काय, ते बघू. गळकं छप्पर, पाण्याची टाकी, विजेचं बिल. दफनभूमीत पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत. पेसाहला घराघरांत मात्झा पोचवणं. 2008 च्या नरिमन हाऊसच्या हल्ल्यानंतर बंदोबस्तासाठी पोलिसांशी राखायचा संपर्क. ट्रस्टी बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट. तो राहिला की पुढे बँकेत सह्या अडकतात, भांडणं कोर्टात जातात आणि मोक्याच्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्यांचं फावतं. यातलं कुठलं काम करायला पुरुष असावं लागतं? एकही नाही.

बरं, आज ही कामं करतं कोण? मलिद्याला पोहे भिजवणं, खोबरं किसणं, ताटं लावणं, मयताच्या घरी जेवण पोचवणं, आजारी हज्जानची विचारपूस, हे सगळं आपल्या आंट्या, मावश्या, वहिनी करतात. घामाला बायका चालतात. सहीला मात्र चालत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या बाईला सभेत मागच्या बाकावर बसवून "चहाचं बघा जरा" म्हणायचं, आणि दोन सणांना तोंड दाखवणाऱ्या पुरुषाला उपाध्यक्ष करायचं, ही कुठली रीत?

लगेच म्हणतील, धर्मात बसत नाही. थांबा. मिन्यानमध्ये कुणाला मोजायचं हा धर्माचा प्रश्न आहे आणि मी त्याला हात लावत नाहीये. कमिटीत कुणाला घ्यायचं हा ट्रस्टच्या घटनेचा प्रश्न आहे. ही दोन गाठोडी मुद्दाम एकत्र बांधली जातात. हिशेबाच्या वहीवर कुठला मंत्र म्हणायचा असतो? महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात बाई ट्रस्टी होऊ नये असं कुठंही नाही. आपल्या घटनेत 'पुरुष सभासद' असं लिहिलं असेल तर ते सिनाय पर्वतावरून आलेलं नाही. आपल्याच आजोबांनी लिहिलंय. सभेत ठराव करा, धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर जा, बदला.

दुसरा आक्षेप: परंपरा. मग परंपराही बघू. डॉ. जेरुशा झिराड आपल्याच समाजातल्या. त्यांनी मुंबईचं कामा हॉस्पिटल चालवलं, 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1925 मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन उभी राहिली, तिच्या उभारणीत त्या पुढे होत्या. त्या संस्थेची मतं पटोत न पटोत, पण शंभर वर्षांपूर्वी आपल्यातली बाई प्रार्थनेची संस्था उभी करू शकत होती. आज तिच्या पणतीला चेकवर सही करायला देताना आपला हात थरथरतो! झिराडबाईंचा फोटो समाजाच्या कार्यक्रमात अभिमानाने लावायचा आणि कमिटीच्या यादीत एकही बाई नाही, याला दांभिकपणा म्हणतात.

तिसरा आक्षेप खरा आहे, फक्त तो कुणी उघड बोलत नाही: खुर्ची सोडवत नाही. काही अंकल वीस-वीस वर्षं त्याच पदावर आहेत. त्यांनी मशीद टिकवली, त्याबद्दल हात जोडून नमस्कार. पण उद्या त्यांना काही झालं तर लॉकरची किल्ली कुठंय, वकील कोण, भाडेकरूचा करार कधी संपतो, हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे? सगळं एका डोक्यात ठेवणं ही सेवा नव्हे, तो धोका आहे.

म्हणून या सभेत तीन ठराव मांडा. एक, सभासद म्हणजे कुटुंबप्रमुख नव्हे. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत आणि उभं राहायचा हक्क. दोन, सेक्रेटरी आणि खजिनदार यांपैकी एक पद बाईकडे. तीन, एका पदावर सलग दोनच मुदती, आणि दर तीन महिन्यांचा हिशेब फलकावर.

ज्या मशिदींनी हे आधीच केलंय त्यांना सलाम. ही पोस्ट उरलेल्यांसाठी आहे.

दहावा माणूस मिळणं दिवसेंदिवस अवघड होणार आहे, ते आपल्या हातात नाही. पण दहावा माणूस आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर तो दोष आपला असेल. सभेला या. बायकांनो, चहाचं दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. तुम्ही पुढच्या रांगेत बसा आणि हात वर करा.