नाताळची मिस्सा आणि उघडी खिडकी



अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चच्या बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. चर्च १५७९ सालचे. १८४० साली कोंडिविट्यात साथ आली, आणि ख्रिस्ती गावकरी ते सोडून मरोळला गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची प्रार्थनेची जागा सोडताना त्यांना काय वाटले असेल!

आज तशी पळापळ नको. पण गोराई-मनोरीकडच्या मंडळींनो, नाताळच्या रात्री गारव्यामुळे दारे-खिडक्या लावून दाटीने बसू नका. नुसत्या थंडीने फ्लू होत नाही. कोंडलेल्या हवेत तो एकाचा दुसऱ्याला लागतो. कोंबड्यांच्या शेडला आपण जाळी ठेवतो, मग माणसांनाच का कोंडायचे? समोरासमोरच्या खिडक्या उघडा, अंगावर शाल घ्या. शांतीची खूण हात जोडून करा. ताप असेल त्याने घरीच राहावे. आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद घरी मिळतो, फादरना निरोप धाडा. म्हाताऱ्यांना फ्लूची लस डॉक्टरांना विचारून डिसेंबर लागताच टोचून घ्या, कारण तिचा गुण यायला दोन आठवडे लागतात.

आजीबाई मात्र मिस्सा चुकवायच्या नाहीत. त्यांना गर्दीपासून दूर, पण झोताबाहेरची जागा धरून ठेवा.