वाटण्या

मागच्या शनिवारी आमच्या फ्लॅटमध्ये वाटण्या झाल्या. पाच वर्षं एकत्र राहिलेल्या दोन मुलींच्या संसाराच्या! मिक्सर तिचा, कुकर माझा, पडदे कोणालाच नकोत. भांडण होईल असं एकच प्रकरण उरलं होतं. कपाटावरचे दोन बॉक्स.

'डॉमिनियन' खेळलायत कधी? नसाल तर थोडक्यात सांगते. डोनाल्ड एक्स. व्हाकारिनो या डिझायनरचा हा पत्त्यांचा खेळ २००८ मध्ये आला आणि २००९ मध्ये त्याने जर्मनीचं 'श्पील देस यारेस' हे मानाचं बक्षीस पटकावलं. यात आयता डेक मिळत नाही, तो खेळता खेळता बनवायचा. सुरुवातीला प्रत्येकाकडे फक्त १० पत्ते. ७ कॉपर म्हणजे चिल्लर आणि ३ इस्टेट म्हणजे बारक्या जहागिरी. दर वेळी हातात ५ पत्ते येतात. त्यातल्या पैशांतून टेबलावरचे नवे पत्ते विकत घ्यायचे. ते पिसले जाऊन पुढे आपल्याच हातात येतात. सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे प्रोव्हिन्स. किंमत ८, गुण ६. गंमत म्हणजे शेवटी जिंकून देणारा हा पत्ता खेळ चालू असताना हातात नुसता बसून राहतो, काही कामाचा नसतो. आपल्या फिक्स्ड डिपॉझिटसारखा!

हा मूळ खेळ माझा. तिचा बॉक्स 'इंट्रिग'चा. म्हणजे कटकारस्थान. तिच्या मामेभावाने अमेरिकेहून आणलेली २००९ ची पहिली आवृत्ती. नाव एक्स्पान्शन, पण त्यात नाणी, जहागिऱ्या सगळं होतं, त्यामुळे मूळ खेळ नसला तरी चालायचं. दोन्ही बॉक्स एकत्र केले तर सहा जण बसू शकायचे. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीतून मात्र ही नाणी-जहागिऱ्या काढून टाकल्या. आता तो बॉक्स एकटा खेळता येत नाही, जोडीला मूळ खेळ लागतो.

'इंट्रिग' आल्यावर आमच्या घरातलं वातावरणच बदललं. त्यातला स्विंडलर बघा. समोरच्याच्या डेकवरचा पत्ता फेकायला लावायचा आणि त्याच किमतीचा दुसरा आपल्या मर्जीने त्याच्या गळ्यात मारायचा. कॉपरची किंमत शून्य, कर्सचीही शून्य. म्हणजे चिल्लर गेली आणि वर उणे एक गुण! यावरून आम्ही एकदा दोन दिवस अबोला धरला होता.

आणि मास्करेड. तो खेळणाऱ्याला दोन पत्ते मिळतात, मग प्रत्येकाने हातातला एक पत्ता डावीकडच्याला द्यायचा. दोघीच असलो की सरळ अदलाबदल. पाच वर्षांत आम्ही एकमेकींना कचऱ्याशिवाय काहीही दिलेलं नाही.

तर शनिवारी. खरं सांगायचं तर मी चिडलेली होते. बंगळुरूची ऑफर तिने तीन आठवड्यांपूर्वी घेतली होती आणि मला कळलं मागच्या सोमवारी. ऑफिसात सगळ्यांना माहीत, रूममेट शेवटी! "अगं, तुझा चेहरा बघवला नसता म्हणून," म्हणाली. मी काही बोलले नाही. पॅक करायच्या आधी एक शेवटचा डाव टाकू, इतकंच म्हटलं.

डाव अटीतटीचा झाला. दोन खेळाडू असले की प्रोव्हिन्स आठच असतात. शेवटचा एक उरला होता आणि ती थोडी पुढे होती. मी मास्करेड टाकला. नेहमीप्रमाणे एक कॉपर तिच्याकडे सरकवला. तिने दिलेला पत्ता उचलून पाहिला, तर प्रोव्हिन्स!

"हे काय?"

"दुसरं काही नव्हतंच हातात," ती म्हणाली.

मी शेवटचा प्रोव्हिन्स घेतला, डाव संपला, मी जिंकले. गुण मोजायला तिने हात खाली ठेवला. मी दिलेला कॉपर सोडून त्यात आणखी दोन कॉपर होते. मी पाहिलं, हे तिने पाहिलं. दोघी गप्प. मग तीच म्हणाली, "चहा टाकू?"

रात्री बाराला पत्ते वेगळे करायला बसलो. स्विंडलर, मास्करेड लगेच निघाले, ते तिच्याच बॉक्सचे. पण कॉपर, सिल्व्हर, गोल्ड दोन्हीकडचे सारखेच दिसतात. कुठला कोणाचा, देवाला ठाऊक. शेवटी नुसतं मोजलं. ६० कॉपर तुला, ६० मला. ४० सिल्व्हर, ३० गोल्ड. प्रोव्हिन्स बारा-बारा. मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि तेव्हा डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, हे कबूल करते.

काल बंगळुरूहून मेसेज आला. नव्या रूममेटला ती खेळ शिकवतेय. 'प्रोव्हिन्स अकराच आहेत. तुझ्याकडे बघ गं.'

पाहिले. तेरा.

दोघींच्या डावाला आठ पुरतात, त्यामुळे तिचं काही अडत नाही. पण तिला तिथे आणखी दोन मैत्रिणी मिळाल्या की बाराही लागतील. मी उत्तर पाठवलं, 'आहे माझ्याकडे. कुरियर करणार नाही. घ्यायला ये.'